नळीतली हाक

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण पहिल्याच ओळीत सांगतो की भुताखेतांवर आपला कधीच विश्वास नव्हता. माझं प्रकरण त्याच्या जरा पुढचं आहे. माझा विश्वास नव्हता एवढंच नाही, दुसऱ्या कोणाचा असला तर तो घालवल्याशिवाय मला चैन पडत नसे. चार वर्षांपूर्वी याच मासिकात माझा एक लेख आला होता — आमच्या खोऱ्यातलं एक जुनं भूत मी सायन्सच्या आधाराने कसं पळवून लावलं, याचा. शाबासकीची पत्रं आली होती, ती मी पेटीत जपून ठेवली होती. आज लिहितो आहे ते त्याच लेखाचं पुढचं. संपादकांनी छापावं की न छापावं ते त्यांनी ठरवावं.

ठिकाण नीट सांगतो. महाडहून मोटारीने पोलादपूरला यायचं, तिथे उतरायचं आणि सावित्रीच्या काठाने महाबळेश्वराच्या डोंगराकडे तीन कोस चालायचं. शेवटचा कोस चढाचा. चढ संपला की बावीस घरांची आमची वाडी. नाव देत नाही, वरची वाडी म्हणू. डोंगराची एक सोंड मध्ये आडवी आहे आणि तिच्या पलीकडे दुसरी वाडी, तिला सगळे पल्याडची वाडी म्हणतात. या वाडीतून ती दिसत नाही. आमच्या घरांच्या मागे, हाकेच्या अंतरावर, एक खोल घळ आहे. आमच्याकडे तिला नळी म्हणतात. एका अंगाला सरळ तुटलेला काळा कातळ, खाली करवंदीच्या जाळ्या. पोलादपूरची वाट पल्याडच्या वाडीला वळसा घालून येते, पण नळीच्या काठाकाठाने आलं तर पाऊण तास वाचतो.

मी इथला नव्हे. माझं गाव महाडच्या बाजूला. महाडला सातवीची फायनल पास झालो, पुण्याला ट्रेनिंग घेतलं, शाळामास्तर झालो. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत तापाने गेली, मूलबाळ नाही. धाकटी बहीण भागी वरच्या वाडीत दिलेली. तिचा नवरा धोंडू मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा घरी येणारा, गणपतीला आणि शिमग्याला. घरात ती एकटी, इकडे मी एकटा... म्हणून खटपट करून इथल्या शाळेवर बदली मागून घेतली आणि तिच्याच घरी राहू लागलो. शाळेबरोबर टपालाचं कामही माझ्याच गळ्यात होतं. गुरुवारी टपालवाला पोलादपूरहून थैली आणायचा, मी ती उघडायची, पत्रं वाटायची, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायची.

आता ते भूत. दसऱ्यानंतर, दिवेलागणीच्या सुमाराला, वारा पडला की नळीतून हाक यायची. शब्द नाहीत. डोंगरातली माणसं लांबून एकमेकांना घालतात तसा कुकारा — कूऽऽ — असा लांबवलेला. कधी काळी एक गुराखी नळीत पडून मेला आणि तोच बोलावतो, असं सगळे सांगत. त्या हाकेला ओ द्यायची नाही. तिन्हीसांजेला काठाच्या वाटेने जायचं नाही. आणि हाक आली की दुसऱ्या सकाळी देवळाचा गुरव, राघू, दोन माणसं बरोबर घेऊन नळीच्या काठावर जायचा. भाताचा एक मुटका खाली टाकायचा आणि काठावर पालथं पडून, मान खाली घालून, तो मुटका पक्षी उचलतो का ते बघत राहायचं. पक्ष्याने उचलला की गुराखी जेवला. कधी घटका घटका बघत बसावं लागे.

पहिल्या वर्षी हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो. दुसऱ्या वर्षी कामाला लागलो. पल्याडच्या वाडीचे लोक संध्याकाळी डोंगराच्या उतारावर उभे राहून गुरांना हाका घालतात, हे माझ्या लक्षात आलं. सोंड मध्ये असल्यामुळे ती हाक आमच्याकडे सरळ येत नाही. पण ती नळीच्या कातळावर आपटते आणि तिथून परतून आमच्याकडे येते, म्हणून नळीत कोणी ओरडतंय असं वाटतं. नुसतं सांगून कोण ऐकणार... मग मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी राघूला आणि चार जाणत्यांना अंगणात बसवलं, हाका मोजायला सांगितल्या आणि स्वतः पल्याडच्या उतारावर जाऊन सात वेळा कुकारा घातला. परत आलो आणि आकडा विचारला. राघूने सात बोटं दाखवली. मग मी त्यांना आणखी एक विचारलं — उन्हाळ्यात तुमचा गुराखी गप्प का असतो? उत्तरही मीच दिलं. माघ संपला की डोंगरावरचं गवत संपतं, पल्याडचे लोक गुरं खाली नदीकाठी नेतात आणि पावसाळा लागेपर्यंत तिथेच ठेवतात. गुरं नाहीत म्हणून हाक नाही. हा माझा हुकमी पुरावा होता आणि लेखातही मी तो शेवटी, ठसठशीतपणे घातला होता.

भूत गेलं. मुलं नळीच्या काठावर जाऊन कूऽऽ करून बघू लागली. मोठी माणसं तिन्हीसांजेला काठाच्या वाटेने यायला लागली. राघू मुटका घेऊन निघाला की लोक त्याची टिंगल करायचे, मास्तरांना विचारलंस का म्हणून. थोड्या दिवसांनी त्याने जाणं सोडलं. पुढच्या गणपतीला धोंडू आला तेव्हा त्याला हे सगळं मीच रंगवून सांगितलं. तो दिलखुलास माणूस होता, मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, मास्तर, तुम्ही भूत नाय घालवलंत, आमची पाऊण तासाची तंगडतोड घालवलीत. भागी मात्र हसली नव्हती. ती देवालाही, भुतालाही मानणारी बाई, तिला भूत गेल्याचं सुद्धा थोडं वाईट वाटलं असावं.

त्यानंतरच्या फाल्गुनातली गोष्ट. शिमग्याला आठ-दहा दिवस होते. शाळेची वार्षिक तपासणी जवळ आलेली, डेप्युटीसाहेब येणार म्हणून मी रोज हजेरीबुकं आणि दाखले घेऊन बसलेला. सोमवारी दिवे लावायच्या वेळेला नळीतून हाक आली. मी ऐकली. मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. भागी चुलीपासून उठून दारात आली.

"दादा, हाक आयकलीस? गुरं तर नदीला हायत. पल्याड कोण हाय हाक मारायला?"

माझाच हुकमी पुरावा ती मला सांगत होती आणि मला ते कळलं नाही. एकदा एखाद्या गोष्टीचं उत्तर सापडलं की माणूस ते पुन्हा तपासत नाही. निदान मी तरी नाही तपासलं. कोणी लाकडाफाट्याला आलं असेल, असं म्हणालो. ती परत चुलीकडे गेली.

मंगळवारी दुपारी हाक आली आणि संध्याकाळी पुन्हा. भागी म्हणाली, हाक दमल्यासारखी येते. मी तिला हवेचा दाब, वाऱ्याची दिशा असलं काहीतरी समजावलं. त्याच संध्याकाळी राघू आला. फडक्यात भात बांधून आणला होता. अंगणात चार माणसं बसलेली, त्यांच्यादेखत त्याने मला विचारलं —

"मास्तर, सकाळी मुटका टाकून येऊ का? नाय म्हणजे, तुमची हरकत नसली तर."

सत्तरीचा माणूस, शाळेतल्या पोरासारखी माझी परवानगी मागत होता. मी म्हणालो, राघूबाबा, तो गुराखी माझ्या हातून मेला, आता त्याला जेवू घालून काय उपयोग, तो भात तुम्हीच खा. सगळे हसले. राघूही ओशाळं हसला आणि भात घेऊन घरी गेला. त्या विनोदावर मी त्या रात्री खूश होतो. हेही लिहिलंच पाहिजे.

बुधवारी एकदाच आली. आखूड, मध्येच तुटलेली. गुरुवारी काही नाही.

गुरुवारी टपाल आलं. थैलीत भागीच्या नावाचं एक पत्र होतं. धोंडूला, सुट्टीत आला की, लिहायला मीच शिकवलं होतं, त्यामुळे पाकिटावरूनच ओळखलं. भागी पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. मी उभ्या उभ्या वाचायला लागलो, टपालाची पत्रं वाचायची एक सवय होते ना, अर्थाकडे फार लक्ष न देता भराभर वाचायची, तसं. खात्यात काम कमी आहे म्हणून यंदा रजा लवकर मिळाली. बोटीने येतो आहे. सोमवारी दासगावास उतरेन. भागीस सांगावे, सोमवारी दिवेलागणीच्या आत घरी पोचतो. मास्तरांनी मोकळ्या केलेल्या वाटेने येतो, म्हणजे उशीर व्हायचा नाही...

ते वाक्य वाचून झाल्यावर मला ते कळलं. भागीला माझ्या आधी कळलं होतं. तिने सूप खाली ठेवलं, उठली आणि घराच्या मागे नळीच्या वाटेला लागली. धावली नाही. ओरडली नाही. मी पत्र हातात घेऊन तसाच तिच्या मागे गेलो.

राघूचा मुटका टाकायचा एक सपाट दगड आहे काठावर. त्या दगडापासून दहा पावलांवर काठाची माती ढासळलेली दिसत होती. भागी पालथी पडली आणि तिने खाली पाहिलं. मग तिने नवऱ्याला तीन हाका घातल्या. कातळावरून त्या तीनही परत आल्या, बाकी काही आलं नाही. मी खाली पाहिलंच नाही. मी त्या सपाट दगडावर बसून राहिलो. जो माणूस जगातली प्रत्येक गोष्ट वाकून बघायला सांगत होता, तो बसून राहिला.

गुरांची दावी एकमेकांना बांधून चौघे जण खाली उतरले. धोंडू कातळाच्या एका पायरीवर, करवंदीच्या जाळीत पडला होता. काठावरून मान घातली असती तर कोणालाही दिसला असता. प्रेत वर आलं ते घोंगडीत गुंडाळून. पोलीस पाटलाने पंचनामा केला आणि दिवस बुडायच्या आत माणसं डोली घेऊन निघाली, पोलादपूरपर्यंत डोलीतून आणि तिथून बैलगाडीने महाडच्या दवाखान्यात. मला म्हणाले, तुम्ही येऊ नका. मी भागीजवळ थांबलो.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते. त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, अंगणात वाडीतल्या सगळ्या बायका बसलेल्या असताना, नळीतून हाक आली.

लांब, स्वच्छ, भरलेल्या गळ्याची हाक. प्रेत तिथून हलून दोन तास झाले होते. एक रडणारी बाई रडायची थांबली. कोणी कोणाकडे बघेना. मग भागी उठून उभी राहिली आणि तिने ओ दिली. शंभर वर्षांत त्या वाडीत कोणी दिली नसेल ती ओ तिने दिली, आणि तिला आवरायला कोणी पुढे झालं नाही.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला आनंद झाला. कारण धोंडू इथे नाही आणि हाक तर येते आहे — म्हणजे हाक मारणारा धोंडू नव्हे. सोमवारी नव्हे, मंगळवारी नव्हे, बुधवारीही नव्हे. म्हणजे तो पडल्या पडल्या सुटला आणि मी कोणाला मारलेलं नाही. भूत आहे. जन्मभर ज्याला मी हसलो ते आहे, आणि असू दे, माझ्या डोक्यावर बसू दे, पण असू दे.

सवय वाईट. दुसऱ्याच दिवशी डोकं आपलं काम करायला लागलं. डोली पल्याडच्या वाडीच्या वळणावरून जाते. त्या वेळी ती तिथेच असणार. उचलणाऱ्यांपैकी कोणी मागच्या माणसांना हाक घातली असेल तर ती कातळावर आपटून आमच्याकडे आली असेल. माणसं परत आल्यावर मी एकेकाला गाठलं. एक म्हणाला, हो मास्तर, खांदा बदलायला मागच्यांना बोलावलं होतं, हाक घातली असेन. दुसरा त्याच्या अंगावर गेला. मढं खांद्यावर असताना कोण कुकारा घालतं, आमच्यात तशी रीतच नाय, असं म्हणाला. दोघेही पोरांची शपथ घ्यायला तयार.

मग मी महाडला गेलो. डॉक्टर भला माणूस. त्याने रिपोर्टात लिहिलं होतं — डोक्याच्या मागची कवटी फुटली, मृत्यू तत्काळ. मी विचारलं, तत्काळ म्हणजे किती? तो म्हणाला, म्हणजे तत्काळ. मी विचारलं, एखादा तासभर जगू शकतो का? तो म्हणाला, सांगता येत नाही, क्वचित जगतोही. एक दिवस? दोन? मी विचारत गेलो आणि त्याचं 'तत्काळ' विरत गेलं. शेवटी म्हणाला, चार दिवसांचं प्रेत, फाल्गुनातलं ऊन, मी दिसलं त्यावरून अंदाज लिहिला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, तुम्हाला काय ऐकायचंय तेवढं सांगा. मी तेच म्हणतो."

तिथून उठलो. चवदार तळ्याच्या बाजूच्या रस्त्याने चालत राहिलो आणि पोलादपूरची मोटार चुकली.

खाली उतरलेल्या चौघांनाही विचारलं. एक जण सांगतो, धोंडूचं मुंडासं त्याच्या गुडघ्याला घट्ट गुंडाळलेलं होतं. मेलेला माणूस स्वतःच्या गुडघ्याला मुंडासं बांधत नाही. दुसरा सांगतो, मुंडासं वर जाळीत अडकलेलं, ते त्यानेच काढून प्रेतावर टाकलं. बाकीचे दोघे म्हणतात, आम्ही तोंड फिरवलं होतं. पंचनाम्यात मुंडाशाचं नावच नाही. प्रेत वर आणल्यावर एकदा घोंगडी बाजूला करून बघितलं असतं तर एका नजरेत कळलं असतं. मी तेव्हा दगडावर बसलो होतो.

भागीने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. वाडीत कोणी काही बोललं की तीच म्हणायची, त्याला नळीतल्यानं नेलं, माझ्या दादाचा काय दोष. ती रोज मला वाढायची. मला घास उतरत नसे, तर समोर बसून राहायची.

माझं मात्र एकच सुरू झालं. जो माणूस भूत नाही हे सिद्ध करायला निघाला होता, तो भूत आहे हे सिद्ध करायला निघाला. जुन्या माणसांकडे जाऊन विचारायचो, त्या गुराख्याला कोणी पाहिलं होतं का, फाल्गुनात कधी हाक आली होती का. कोणी हो म्हणालं तर माझाच आतला मास्तर त्याची उलटतपासणी घ्यायचा आणि तो गडबडून नाही म्हणायचा. देवळात गेलो. एका मांत्रिकाकडे जाऊन आलो, तो इतका उघड लबाड होता की चीड आली. हे बघा, ज्याला देवावर विश्वास ठेवायचा आहे त्याला ठेवता येत असेल कदाचित, पण ज्याने भूत स्वतःच्या हाताने मोडलं त्याला ते पुन्हा जोडता येत नाही.

शेवटी मागच्या वर्षी, त्याच दिवसांत, मला एक युक्ती सुचली. डोलीच्या त्या वळणावरून हाक घातली तर ती आमच्या अंगणात ऐकू येते की नाही, एवढं बघायचं. येत नसेल, तर त्या चौथ्या संध्याकाळची हाक उचलणाऱ्यांची नव्हे. मग ती कोणाची, ते आपोआपच ठरलं. येत असेल तर... त्याचा विचार मी करत नव्हतो. भागीला सांगितलं, तू अंगणात बसून नीट ऐक, किती हाका येतात ते मला सांग. का ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, पण तिला कळलं असणार.

वारा पडलेला होता. मी वळणावर उभं राहून पाच वेळा कुकारा घातला. घसा फुटेपर्यंत घातला. आणि प्रत्येक वेळेला मनात म्हणत होतो, पोचू नको. परत येताना काठाच्या वाटेने यायचं धैर्य नव्हतं, वळसा घालून आलो. भागी अंगणातच होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली —

"नाय आयकली दादा. एक पण नाय."

मी तिच्या समोर रडलो. तिने पाठीवरून हात फिरवला. त्यानंतरचे सहा-सात दिवस मी जेवलो, झोपलो, शाळेत पोरांना हसवलं. धोंडू वेदना न होता गेला असं मनाशी म्हणत होतो. नळीत कोणीतरी आहे आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत, असंही म्हणत होतो.

मग एका सकाळी विहिरीवर राघू भेटला. आताशा तो माझ्याशी जपून बोलतो. म्हणाला, मास्तर, रागावू नका, पण गेल्या आठवड्यात पुन्हा मुटका टाकून आलो, तुम्हाला विचारलं नाय. मी म्हणालो, बरं केलंत, पण का?

"आदल्या सांजच्याला नळीत हाक आली ना. फाल्गुनात. चांगली पाच येळा. मी मोजली."

पाच. तो देवळात बसला होता, आणि देऊळ भागीच्या अंगणापासून पन्नास पावलांवर. पाच हा आकडा मी कोणालाच सांगितला नव्हता, भागीलाही नाही. मी घागर भरून घरी आलो. भागी भाकरी थापत होती, तिच्याकडे बघायचं टाळलं.

मी तिला विचारलेलं नाही. राघू म्हातारा आहे, त्याचा कान मला भरवशाचा वाटत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. तो आकडा योगायोग असेल, असंही म्हणून पाहिलं. आणि समजा, हाक तिथून येतच असेल, तरी त्या संध्याकाळी ती उचलणाऱ्यांनी घातली होती का, हे कुठे ठरलंय... डॉक्टरने तत्काळ लिहिलं आहे, तो कागद सरकारात आहे. तत्काळ मेलेला माणूस तीन दिवस कुकारा घालत नाही. मग पहिले तीन दिवस नळीत कोण होतं? मला खरंच माहीत नाही. इथे येऊन माझं सगळं सायन्स थांबतं. वाचकांपैकी कोणाजवळ भूत असल्याचा पक्का पुरावा असेल — मला मोडता येणार नाही असा — तर त्याने कृपा करून कळवावं. दुसरं कुठलं स्पष्टीकरण असेल तर ते मला नको आहे.

यंदाच्या शिमग्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो. दुपारची वेळ. वाडीतले सगळे देवळाकडे होते, आम्ही दोघंच घरात. मी जेवत होतो, भागी समोर बसली होती. भाताचा हात तसाच ठेवून तिने विचारलं, अगदी पोरांनी शाळेत शंका विचारावी तसं —

"दादा, तू शिकलेला हायस म्हणून इचारते. पाण्याबिगर माणूस तीन दिस जगतो काय रे?"

शरीरशास्त्राचं पुस्तक माझ्याकडे आहे. ट्रेनिंगला असताना ते पाठ केलं होतं. जन्मात कधी मुलांच्या शंकेला मी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"नाय गो," मी म्हणालो. "नाय जगत."

ती बरं म्हणाली आणि तिने माझ्या पानात आणखी भात वाढला.